वस्तरा पुन्हा पुन्हा ओढतोय? दगडावर घालायच्या आधी हे बघा

तक्रार अशी असते. धार लावून आणलेला वस्तरा पहिल्या दिवशी गालावरून अलगद उतरतो. दुसऱ्या दिवशी जरा खरखरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हनुवटीखालचे केस कापायचं सोडून उपटायलाच लागतो. डोळ्यांत पाणी येतं, मानेवर लाल पुरळ उठतं. आपण म्हणतो, धार गेली. पुन्हा धार लावून आणतो, पुन्हा दोन दिवस सुखाचे, पुन्हा तेच.

माझं हे पाच महिने चाललं होतं. तीन वेळा पैसे देऊन धार लावून आणली, चौथ्यांदा निघालो तेव्हा कुठे कळलं की दोष पोलादाचा नव्हताच. दोष दोन ठिकाणी होता, आणि एक दुसऱ्याला झाकत होता, म्हणून सापडायला इतका वेळ लागला.

आधी कुठल्या वस्तऱ्याबद्दल बोलतोय ते सांगतो. सलूनमध्ये हल्ली जो दिसतो त्यात ब्लेड मधोमध मोडून अर्धं घालतात आणि गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदलतात. तो ओढत असेल तर डोकं खाजवत बसू नका, ब्लेड बदला. मी बोलतोय ते पक्क्या पात्याच्या, चामड्याच्या पट्ट्यावर परजायच्या, म्हणजे घासून धार सरळ करायच्या वस्तऱ्याबद्दल. माझा जुना जर्मन आहे, पात्याच्या बुडाशी ‘सोलिंगेन’ कोरलेलं, रुंदी ५/८ इंच, टोक गोल. शिकणाऱ्याने गोल टोकाचाच घ्यावा. चौकोनी टोक कानाची पाळी बरोबर शोधून काढतं. ऑनलाइन चार-पाचशे रुपयांत वस्तऱ्याच्या आकाराची जी वस्तू मिळते तिचं पातं अनेकदा सरळसुद्धा नसतं. तुमच्याकडे ती असेल तर खालच्या उपायांत वेळ घालवू नका.

कॅलेंडरवर सापडलेली गोष्ट

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. गावातल्यांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं. ते उजनी धरणाचं. ते प्यायला आणि स्वयंपाकाला भरून ठेवायचं. आंघोळ, धुणं, भांडी सगळं बोअरवर. नळ आला त्या दिवशी मात्र घरात सगळेच उदार होतात, आंघोळीच्या बादलीतसुद्धा नळाचंच पाणी पडतं.

बायको स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेला ‘पाणी’ असं लिहिते. मी त्याच चौकोनात खाली पेन्सिलीने दाढीचा निकाल लिहायला लागलो होतो: ‘बरी’, ‘ओढला’, ‘रक्त’. तीन आठवड्यांनी ती दुधाचा हिशेब करत उभी होती, तिथूनच म्हणाली, “अहो, तुमच्या सगळ्या ‘बरी’ माझ्या ‘पाणी’च्या खालीच आल्यात की.”

जाऊन बघितलं. पाण्याचे पाच दिवस, त्यातले चार ‘बरी’. उरलेल्या सोळा दिवसांत ‘बरी’ एकच, तीही धार लावून आणली त्याच्या दुसऱ्या दिवशीची. आता धार काय महापालिकेचं वेळापत्रक बघून येत-जात नाही.

खात्री करायची असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत आरओचं पाणी, दुसरीत बोअरचं, दोन्ही अर्ध्या. दोन्हीत दाढीच्या साबणाचा हरभऱ्याएवढा तुकडा टाका, विरघळू द्या आणि जोरात हलवा. माझ्याकडे आरओच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत चढला आणि तिथेच बसून राहिला. बोअरच्या बाटलीत बोटभर आला, बघता बघता विरला, खालचं पाणी ताकासारखं झालं आणि वर नासलेल्या दुधासारखे पांढरे कण तरंगायला लागले. बाटली रिकामी केली तर आत चिकट कडं.

जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा न विरघळणारा साका होतो. म्हणजे तुम्ही ब्रश फिरवता तेव्हा निम्मा साबण पाण्याशीच भांडण्यात संपतो. दिसायला फेस होतो, पण त्यात हवा जास्त आणि ओलावा कमी. बादलीच्या काठावर आणि गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, त्याच क्षारांची ही करामत.

आणि फेस शोभेसाठी नसतो. दाढीचा कोरडा केस कापायला चिवट असतो. दोन-तीन मिनिटं पाण्यात मुरला की फुगतो, मऊ पडतो आणि खूपच कमी जोर लावून तुटतो. फेसाचं काम हे पाणी केसापाशी धरून ठेवायचं आणि पात्याला घसरायला जागा द्यायची. फेस कोरडा पडला की चांगली धारसुद्धा ओढते. अगदी नवं ब्लेड घालून बघा, तेही ओढेल.

यात आपल्या गावच्या उन्हाळ्याची भर. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, हवा कोरडी, डोक्यावर पंखा. उजवा गाल संपवून डाव्याकडे येईपर्यंत तिथला फेस पापडासारखा झालेला असतो. आपण तसाच त्यावरून वस्तरा ओढतो.

उपाय फुकट आहे. दाढीसाठी एक मोठी वाटी प्यायचं पाणी वेगळं घ्यायचं. एवढंच. ब्रश त्यात भिजवायचा, फेस त्याने करायचा, फेस लावायच्या आधीचं शेवटचं तोंड धुणंही त्याच पाण्याने. वस्तरा खळबळायला बोअरचं चालतं. सोलापुरात पिण्याचं पाणी दाढीला घालतो म्हणून घरात एकदा ऐकून घ्यावं लागेल, पण पेलाभराच्या वर लागत नाही. आरओ नसेल तर पाणी उकळून, गार करून, वरचं निवळ घ्या. सगळे क्षार जात नाहीत, पण खाली बसतात तेवढे तरी कमी. लिंबू पिळायचा सल्ला मलाही मिळाला होता. जरा जास्त पडलं की साबणच फुटतो, मी त्याच्या वाटेला परत गेलो नाही.

फेसाच्या आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटं तोंडावर ठेवा. टेरी टॉवेलच्या गावात राहून याचा आळस करणं बरं दिसत नाही. पंखा बंद. एका वेळी एकाच बाजूला फेस लावा, आणि फेस सुकतोय असं वाटलं की ब्रशचं टोक पाण्यात बुडवून वरून फिरवा.

हे सगळं केलं आणि पहिल्याच आठवड्यात निम्मा त्रास गेला. निम्माच.

चौथ्यांदा धार लावायला गेलो तेव्हा

बाळीवेशीत एका सलूनमध्ये मी शाळेत असल्यापासून केस कापतो. तिथल्या मामांनी तरुणपणी पक्क्या वस्तऱ्यावर दाढ्या केल्यात, त्यांचा जुना पट्टा अजून आरशामागच्या खिळ्याला लटकतो. त्यांच्यापुढे वस्तरा ठेवला.

“मामा, धार टिकतच नाही ओ.”

त्यांनी दगड काढला नाही. वस्तरा उघडला, धार वर करून ट्यूबलाइटखाली धरली आणि सावकाश इकडून तिकडे फिरवली. मधेच एका जागी बारीक चमक दिसली, दोऱ्याएवढी.

“दिसली का?”

“दिसली.”

“चांगली धार दिसत नसती लेका. दिसली म्हणजे पडली. ही घासून गेली नाही, वाकलीय. पट्ट्यावर मारून दाखव बघू.”

मी दाखवलं. सिनेमात बघितलेलं तसं, सटासट. चौथ्या फेरीला त्यांनी माझं मनगट धरलं. “हळू. पट्ट्याला मारायलाय का परजायलायस?”

मग त्यांनी एकेक चूक काढली. पहिली, पट्टा झोळीसारखा लोंबत होता. पट्टा सैल असला की चामडं धारेभोवती वर वळतं आणि धारेचं टोक गोलसर करून सोडतं. दुसरी, मी दाबत होतो. वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरे असतं. आपला हात फक्त त्याला सरळ ठेवायला. तिसरी सगळ्यांत महाग: फेरी संपत आली की वस्तरा उलटवायच्या घाईत मी पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, आधीच उचलत होतो. पाठ उचलली की सगळा भार धारेवर येतो, आणि ती धार असते केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पट बारीक. ती तिथेच दुमडते. ट्यूबलाइटखाली चमकलेला दोरा तो हाच.

बरोबर पद्धत शब्दांत सांगायला लांबते, हाताला आठवड्यात बसते. पट्ट्याचं एक टोक खिळ्याला, दुसरं डाव्या हातात, ताणून. वस्तरा आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेल्या. पाठ पुढे, धार मागे, असा सरकवायचा. टोकाला पोचलात की पूर्ण थांबायचं. मग धार वरून फिरून पलीकडे येईल असा वस्तरा पाठीवरच लोळवायचा आणि परत यायचं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठ पट्ट्यावरून एकदाही उठत नाही. पट्टा पात्यापेक्षा अरुंद असेल तर सरकवता सरकवता थोडा तिरका न्या, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंत सगळी धार चामड्याला लागते.

मामांनी पंधरा दिवस मला वस्तऱ्याने पट्टा मारायला बंदी केली. घरातली पोळीला लोणी लावायची बोथट सुरी घेऊन सराव केला. एका फेरीला दोन-तीन सेकंद. सुरीने पट्टा कापला जात नाही, हा आणखी एक फायदा. माझ्या पट्ट्यावर आधीच्या तीन खाचा होत्या, त्या बारीक सँडपेपरने बसवाव्या लागल्या. खाच तशीच ठेवली तर वस्तरा दर फेरीला तिथेच अडखळतो.

आता माझा हिशेब असा: दाढीच्या आधी २० फेऱ्या जाड सुती कापडावर, मग ५० चामड्यावर. वेग आपोआप येतो, आणायचा नाही.

इथे दोन्ही दोषांची गाठ पडते. बोअरच्या पाण्याने फेस नीट होत नव्हता, म्हणून वस्तरा ओढायचा. ओढला की मी समजायचो धार उतरली. धार उतरली म्हणून पट्ट्यावर दुप्पट फेऱ्या, दुप्पट जोर. त्या जोराने धार खरोखर वाकायची. पाण्याच्या दिवशी फेस चांगला व्हायचा, वाकलेली धारही कशीबशी चालून जायची, आणि मला वाटायचं काल जास्त परजली त्याचा हा गुण. इतकं चुकीचं शिक्षण मला कुठल्या मास्तरने दिलं नव्हतं.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. आठवडाभर फक्त पाणी बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. पुढच्या आठवड्यात पट्टा. दोन्ही एकदम केलं तर बरं वाटेल, पण कशाने ते कळणार नाही आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच याल.

दगड कधी

पाणी चांगलं, हात सुधारला, तरी उजेडात चमक दिसते आहे आणि मनगटाच्या वर, कातडीपासून जरा उंचावरून फिरवल्यावर केस तुटत नाहीत, तर धार खरंच गेली. त्याआधी एक मधला उपाय आहे: क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट, ०.५ मायक्रॉनची, वेगळ्या कापडी पट्ट्यावर लावून आठ-दहा फेऱ्या. रोजच्या चामड्याला ती लावू नका, मग ते रोज थोडी थोडी धार खात बसेल. अंगठ्याच्या नखावर धार घासून बघायची सवय असेल तर सोडा, त्यात बघता बघता धार बिघडते.

दगडाचे आकडे तुम्ही ऐकलेच असतील, १००० पासून १२००० पर्यंत; आकडा मोठा तितका दगड बारीक. धारेचा दोन्ही बाजूंचा उतार नव्याने बसवायचा असेल तर १०००, नुसती ताजी करायची तर ८००० च्या पुढचेच दगड लागतात. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून घासायचं असतं. धारेचा कोन पाठीच्या जाडीने ठरतो, आपण ठरवायचा नाही. पहिल्या वर्षी हे दुसऱ्याकडून करून घ्यावं असं माझं मत आहे. दाढी करणं, परजणं आणि धार लावणं तिन्ही एकदम शिकायला बसलात तर चूक कुठली ते कधीच सापडणार नाही.

फक्त कोणाकडून, ते बघा. आपल्याकडे गारमेंटवाल्यांमुळे कात्र्यांना धार लावणारे जागोजाग आहेत आणि त्यांच्या कामात ते तरबेज आहेत. पण फिरत्या चाकावर वस्तरा द्यायचा नाही. पातं आतून पोखरल्यासारखं पातळ असतं. ठिणगी उडाली की धारेपाशी पोलाद तापून त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो, आणि तो कुठल्याच दगडाने परत येत नाही.

नीट वापरला तर एकदा लावलेली धार महिनोन् महिने जाते. दर आठवड्याला दगड लागत असेल तर रोग दुसरीकडे आहे.

हाताचं थोडं

वस्तरा आधी गालावर पूर्ण आडवा टेकवा, मग पाठ तिच्याच जाडीच्या दीड-दोन पट उचला. तीसेक अंशांचा कोन होतो. जबड्याच्या वळणावर सगळ्यांचाच हात चुकतो, पाठ उठते आणि वस्तरा कापायचं सोडून खरवडतो. आवाजावरून ओळखता येतं: कापताना बारीक कुरकुर येते, खरवडताना पत्र्यावर नख ओढल्यासारखा. तसा आला की थांबा, वस्तरा उचला, पुन्हा आडवा टेकवून सुरू करा.

कातडी ताणल्याशिवाय पुढे जाऊ नका. फेसाने बोटं घसरतात, त्यावर तुरटी हा जुना उपाय: डाव्या हाताची बोटं तुरटीवर फिरवली की पकड येते. तीच तुरटी शेवटी तोंडावर, आणि जिथे चुरचुरते तिथे तुमचा हात जड पडलाय हे समजा. पात्याला मात्र तुरटीचं पाणी लागू देऊ नका, गंज धरतो.

केस कुठल्या दिशेने उगवतात ते दोन दिवसांची दाढी वाढवून बोटाने चाचपा. गालावर बहुतेकांचे खाली असतात, मानेवर भरवसा नाही. माझे डाव्या जबड्याखाली आडवे, कानाकडे जातात. तिथे वरून खाली येत होतो म्हणजे तिरकाच कापत होतो. सलूनवाला “उलटा हात मारू का?” विचारतो तो त्याच्या वीस वर्षांच्या सरावावर. आपण पहिले दोन-तीन महिने सुलटाच हात. पहिल्या आठवड्यात तर नुसते गाल करा आणि उरलेलं नेहमीच्या रेझरने उरका, त्यात कमीपणा नाही.

दाढी झाली की वस्तरा धुवा, पाठीकडून धारेकडे टिपा, कापडावर चार-पाच फेऱ्या आणि शिलाई मशीनच्या तेलाचं एक बोट. बाथरूममध्ये ठेवू नका. आपली हवा कोरडी असली तरी मोरीतली नसते, आणि धारेवरचा गंज डोळ्यांना दिसायच्या आधी गालाला कळतो.

वस्तरा हातातून निसटला तर झेलायला जाऊ नका. पाय मागे घ्या आणि पडू द्या. स्वच्छ धुतला तरी दुसऱ्याला वापरायला देऊ नका, काविळीचे विषाणू आणि एचआयव्ही रक्तातून जातात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी आणि मधुमेह असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

माझ्या वस्तऱ्याला शेवटचा दगड जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधी लागला होता. आता मृग लागलाय, कॅलेंडरवर ‘ओढला’ दोनदाच आलंय, दोन्ही वेळा घाईत बादलीतलंच पाणी घेतलं होतं. घरात तक्रार एकच उरली होती, आमटीच्या वाटीला साबणाचा वास येतो. परवा मधल्या मारुतीकडे बाजारात गेलो होतो तेव्हा प्लॅस्टिकचा मग आणला, त्यावर मार्करने ‘दाढी’ लिहून आरओच्या शेजारी टांगलाय.